रिकामा दोर

४ ऑक्टोबर

भूपेशच्या आईस,

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. फोन लावून पाहिला होता, पण तुमच्या मोहर्लीत वाघाच्या गळ्यातल्या पट्ट्याला रेंज मिळते आणि माणसाला मिळत नाही, असा कारभार दिसतो. शिवाय मी मच्छीमार सोसायटीचा इतकी वर्षं सेक्रेटरी होतो, लिहायची सवय आहे. म्हणून लिहितो.

विषय क्रमांक एक. आपल्या घरी कापसाच्या दोन उशा होत्या, तुझ्या माहेरून आलेल्या. त्या कुठे ठेवल्यास? मी संदूक पाहिली, माळा पाहिला, देवाच्या पाटामागेही पाहिलं. मुंग्या सापडल्या. पाहुणे येणार आहेत म्हणून हव्यात, दुसरं काही नाही.

विषय क्रमांक दोन. तळं भरलं आहे. पाऊस थांबला, धान निसवायला लागलं, आणि पाणी सोडा म्हणून सगळे मागे लागले. या वर्षी तुडुमात मी उतरलो नाही. तळ्याच्या पोटात बुडी मारायची आणि पाण्याच्या त्या दाराचं लाकडी बुच ठोकून काढायचं, हे काम आपल्याच घरात राहावं असा काही सरकारी नियम नाही. दसरूचा जावई पवन उतरला. दसरूने वरून दोर धरला. मी वर तळ्याच्या पाळीवर बसून होतो. पहिल्या बुडीत पवनने नुसता चिखल वर आणला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून तंबाखू मळत बसलो. मग दुसऱ्या का तिसऱ्या बुडीला निघालं एकदाचं बुच.

तुला वाटेल, दोराच्या भांडणावरून घर सोडून मी इकडे आले आणि चार वर्षांनी का होईना, या माणसाला अक्कल आली. तसं समजू नकोस. तुझ्या सांगण्यावरून मी पाणी सोडलेलं नाही. माझा पाय दुखत होता.

भूपेशच्या सफारीच्या जिप्सीला गिऱ्हाईक कसं आहे? आणि तू रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात बर्फातले मासे साफ करतेस असं ऐकलं. तळ्याकाठी जन्मलेल्या बाईने आंध्रातून आलेला मासा साफ करावा, याला काय म्हणावं. आपल्या तळ्यात यंदा मरळ चांगली आहे, पण एकट्यासाठी मासा आणायचा म्हणजे कालवण दोन दिवस पुरतं, आणि दुसऱ्या दिवशी ते खावंसं वाटत नाही.

परसातली अंबाडी उंच झाली आहे. कापून, भिजवून ठेवीन म्हणतो. पण दोर वळायला दोन माणसं लागतात, म्हणून तशीच उभी आहे.

उशांचं कळव.

घनश्याम


१९ ऑक्टोबर

भूपेशच्या आईस,

उशा सापडल्या. ढोलीत तुरीच्या दाण्यांखाली उशी ठेवणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल.

भूपेशचा फोन आला होता. म्हणाला, "बाबा, माय इचारते, पाहुने कोन येऊन राह्यले? अन् नुसत्या उशाच काऊन पाह्यजे, पाहुन्याईले चादर नाई लागत का?" मी ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवून दिला. सोसायटीच्या ऑडिटरलाही मी कधी इतका घाबरलो नव्हतो.

तर ऐक. पाहुणे नाहीत. उशा मलाच लागतात. आडवा झालो की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, म्हणून भिंतीला टेकतो, मागे दोन्ही उशा लावतो आणि बसून झोपतो. हे उन्हाळ्यापासूनचं आहे. तळ्याची पाळ चढताना मधेच थांबावं लागायचं. मी वयावर ढकललं. मग पाय सुजले. दसरूने ते पाहिले आणि म्हणाला, "घनश्यामभाऊ, हे काई बरोबर नाई दिसत. चाल चंद्रपूरले." दसरूच्या एका पायात सळाख आहे, तरी तो माझ्या पुढे चालत होता. मला त्याचा फार राग आला.

चंद्रपूरच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, हृदयाची सोनोग्राफी केली. डाव्या फुप्फुसाच्या बाहेर पाणी साचलं आहे. आणि हृदयाभोवती एक पिशवी असते म्हणे, तिच्यातही पाणी आहे. टीबीचं आहे हे. गोळ्या सुरू झाल्या आहेत, लघवी लाल होते, घाबरायचं कारण नाही. एकदा पाठीतून सुई घालून फुप्फुसाजवळचं थोडं पाणी काढलं. ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं. दसरू ती बाटली निरखून म्हणाला, "जिंदगीभर तू पान्यात शिरला, आता पानी तुह्यात शिरलं. हिसाब बरोबर झाला भाऊ." मी हसलो आणि मग खोकत बसलो.

आता मुद्द्याचं. डॉक्टर भला माणूस आहे, त्याने कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाभोवतीची पिशवी मऊ असेल, तर गोळ्यांनी आणि सुईने पाणी जाईल, माणूस बरा होईल. पण टीबीने ती पिशवी जाड आणि कडक होत चालली असेल, तर हृदयाला आवळून टाकते. मग नागपूरला जाऊन छाती उघडून ती सोलून काढावी लागते. माझ्या वयाला ते ऑपरेशन सोपं नाही, हे त्याने लपवलं नाही. पिशवी मऊ आहे की कडक, पाणी मोकळं आहे की मागे कुठे अडकून बसलंय, हे सोनोग्राफीत नीट दिसत नाही. त्यासाठी एमआरआय करायचा. दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.

तुझी सुटका होईल की नाही, ते त्या मशीनवर आहे. ही थट्टा होती. वाईट वाटलं असेल तर वाचलं नाही असं समज.

आणि एक. रेंज नाही म्हणून लिहितो असं मी म्हटलं होतं, ते खरं नाही. दोन वाक्यं सलग बोललो की माझा दम संपतो. तुला ते ऐकू आलं असतं. चार वर्षांनी तू माझा आवाज ऐकणार, तो असा नको वाटला. लिहिताना दम लागत नाही.

घनश्याम


९ नोव्हेंबर

भूपेशच्या आईस,

एमआरआय झाला, आणि झाला नाही.

भूपेशने पाठवलेला चिवडा मिळाला. तो तू केलेला आहे हे त्याने सांगितलं नाही, पण त्यात जवस होतं. गावात मंडईची जत्रा झाली, नाटक झालं. मी गेलो नाही. घरात बसून स्पीकरवरचं ऐकलं. खलनायक हसला की आपली गाय दचकायची, तेवढीच सोबत.

आता त्या दिवसाचं सांगतो. तिथे मशीन चालवणारी मुलगी आहे, रंजीता. मूल गावची आहे, बोलायला आपली. तिने विचारलं, "काका, अंगावर लोखंड, चांदी, सोनं काई हाय का? शरीरात सळाख, गोळी, छर्रा?" मी म्हटलं, "छर्रा कायचा बाई? मी मासे मारतो, डुकरं नाई." तरी करदोड्याला सोसायटीच्या कपाटाची चावी निघालीच. सेक्रेटरीपद गेलं, चावी राहिली होती. दसरू माझ्यामागे आत शिरत होता, त्याला तिने दारातच अडवलं. "दादा, तुमच्या पायात सळाख हाय नं? मंग इथीच बसा. आत मोठं चुंबक हाय." दसरू बिचारा दाराच्या काचेतून पाहत राहिला.

छातीवर तारांच्या चिकटपट्ट्या लावल्या, वर सुपाएवढी एक फळी बांधली. कानावर हेडफोन. हातात एक रबरी गोळा दिला, घाबरल्यासारखं झालं तर दाबा म्हणाली. मानेखाली जाड उशी दिली, म्हणून उताणा राहू शकलो. मग पाट सरकला आणि मी डोक्याकडून त्या नळीत गेलो. नळीचं तोंड आपल्या तुडुमापेक्षा थोडं मोठं. मी मनात म्हटलं, घनश्याम, हे तर तुझंच काम. अंधारात शिरायचं, दम धरायचा, बाहेर यायचं.

आणि तिथेच सगळं बिघडलं.

हेडफोनमधून हिंदीत हुकूम येतो. साँस लीजिए. साँस छोड़िए. साँस रोकिए. म्हणजे हवा सोडायची आणि रिकाम्या छातीने थांबायचं. तेवढ्यात मशीन ठकठक करून हृदयाचा फोटो घेतं. छाती हलली की फोटो पुसट येतो. मी हवा सोडायचो, आणि रोकिए म्हटलं रे म्हटलं की छाती आपोआप भरून घ्यायची. रंजीता बाहेरून माइकवर म्हणायची, "काका, भरू नोका. रिकामं करून थांबा." मी हो म्हणायचो. पुन्हा तेच. "काका, काऊन असं करून राह्यले जी? फोटो हालून राह्यला." मी मुद्दाम करत नव्हतो, तळ्याची शपथ.

तुला हे दुसऱ्या कोणापेक्षा जास्त समजेल. मिसरूड फुटल्यापासून मी पाण्यात उतरतो आहे. खाली असताना छाती रिकामी करायची नाही, हे माझ्या हाडात बसलं आहे. हवा सोडायची ती फक्त दोर ओढला गेल्यावर. वरच्याने दोनदा हिसका दिला की सोडायची, मग वरच्याला बुडबुडे दिसतात आणि माणूस येतो आहे हे त्याला कळतं. हिसका नाही, तर बुडबुडा नाही. त्या नळीत मला कोण हिसका देणार होतं?

खूप वेळ खटपट केली तिने. शेवटी माझाच दम गेला आणि मी तो रबरी गोळा दाबला. बाहेर आल्यावर मला रडू आलं. तिने पाणी दिलं आणि चिडली नाही. डॉक्टर म्हणाले, फोटो पुसट आहेत, यावरून काही सांगता येत नाही. सत्तावीस तारखेला पुन्हा या. पण घरचं कोणीतरी आणा, आत पायाशी उभं राहू शकेल असं. ओळखीचं माणूस जवळ असलं की पेशंट शांत राहतो म्हणे.

आता दोराचं निघालंच आहे, तर लिहितो. पाच वर्षांपूर्वी तू दोर धरला होतास. माझी गाठ खाली दगडात अडकली, मी ती सोडली आणि पलीकडच्या बाजूने वर आलो. पळसाखाली बसून दम घेतला. मग मागून येऊन तुला दचकवलं. मला काय ठाऊक, तू इकडे हिसके देते आहेस, बुडबुडे दिसत नाहीत, आणि शेवटी दोर रिकामा वर आला म्हणून. मी हसलो. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "दोर रिकामा आला तवाच मी विधवा झाली. आता परत बायको नाई होत मी." मला वाटलं, बोलून गेली, आठ दिवसांत विसरेल. पुढच्या वर्षी धान निसवलं तेव्हा तू पुन्हा बजावलंस, आणि मी दसरूच्या हातात दोर देऊन उतरलो. संध्याकाळी घरी आलो तर चूल थंड. अजूनही माझं म्हणणं आहे की गाठ सोडली नसती तर मी मेलो असतो. पण वर बसून तू काय पाहिलंस, ते मी कधी विचारलं नाही.

दसरूच्या पायात सळाख. भूपेशला पाठवू नकोस, त्याचा हंगाम आहे, आणि त्याने कधी दोर धरलेला नाही.

तू ये.

मी चार प्रकारे लिहून पाहिलं आणि खोडलं, शेवटी एवढंच उरलं. मला तिथे पुन्हा एकट्याने शिरायची भीती वाटते. मरायची तेवढी वाटत नाही. त्या नळीत, माझी वाट पाहणारं वर कोणी नाही, याची वाटते. घरातही रोज तसंच वाटतं, पण घरात दाबायला तो रबरी गोळा नसतो.

एक सांगून ठेवतो. आत यायचं तर अंगावरचं धातूचं सगळं काढावं लागतं. जोडवी, नाकातली फुली, गळ्यातलं. तू ते अजून घालतेस की नाही, मला माहीत नाही. विचारत नाही, नुसतं सांगतो.

घनश्याम


मोहर्ली
१७ नोव्हेंबर

भूपेसचे बाबा,

पत्र भेटलं. मले तुमच्यासारखं लिहाची सवय नाई, थोडक्यात लिहितो.

तारीख समजली. इथून सकाळची बस हाय, मी सरळ चंद्रपूरले यीन. तुमी दसरूभाऊसंग तिकडून या. घरी मी येनार नाई, तसं मनात आनू नोका.

पोराले सांगतलं नाई. रिसॉर्टमधी सुट्टी मांगतली, नवरा बिमार हाय म्हनून. इतक्या वर्सांत तोंडातून नवरा निंगला, तं संगच्या बाया पाहतच राह्यल्या.

उशांचं वाचलं तवाच मले समजलं होतं. पाहुन्याले उशी देनारा मानूस तुमी नोहे.

थंडी पडली. स्वेटर काळ्या पेटीत हाय, ढोलीत पाहू नोका.

भागीरथा


१२ डिसेंबर

भागीरथा,

इतकी वर्षं भूपेशची आई म्हणूनच हाक मारली. तुझ्या पत्राखाली तू नाव लिहिलंस, म्हणून मीही लिहितो. लिहिताना हात जरा अडला.

रिपोर्ट यायच्या आधी तुझी बस होती, आणि ती शेवटची होती, हे मी मान्य करतो. भूपेशला फोनवर सांगितलं आहे, त्याने तुला सांगितलंच असेल. पण त्याला नीट सांगता येत नाही, त्याला सगळं चांगलं आहे एवढंच कळतं. म्हणून पुन्हा लिहितो. आणि त्या दिवशी तू तिथे होतीस खरी, पण नळीच्या आतून ते कसं होतं ते तुला माहीत नाही.

आधी बाहेरचं. रंजीताने तुला ताट दिलं, यात ठेवा म्हणाली. तू जोडवी काढलीस, फुली काढलीस. मग पदराखालून गळ्यातलं काढलंस. पदराखाली होतं, म्हणून मला बसस्टँडवर दिसलं नव्हतं. ते तू ताटात नाही ठेवलंस. रुमालात बांधून दसरूच्या हातात दिलंस, आणि दसरू ते दोन्ही हातांनी छातीशी धरून भिंतीला लागून उभा राहिला. त्याला कोणीतरी बसा म्हटलं, तरी बसला नाही. मी त्या निळ्या झग्यात बाकावर बसून हे सगळं पाहत होतो.

आत गेलो. तू पायाशी उभी आहेस, तुझ्याही कानांवर हुकमाचा हेडफोन आहे, हे माहीत होतं, पण दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे नुसतं पांढरं छत. मशीनच्या आवाजात तुझ्या काचेच्या बांगड्याही ऐकू येत नव्हत्या. पहिला हुकूम आला, आणि माझी छाती पुन्हा भरली. रंजीताचा आवाज आला, "काका, परत तेच." मला वाटलं, संपलं. आता हे लोक पुसट फोटो पाहून अंदाज करतील आणि मला नागपूरला पाठवतील.

तेव्हा तू माझ्या डाव्या पायाचा अंगठा धरलास. एकदा ओढलास. मी पडून ऐकत राहिलो, म्हणजे पायानेच ऐकत राहिलो. एक हिसका म्हणजे, बरा आहेस का. मी अंगठा हलवला. बरा आहे. मग हुकूम आला, साँस लीजिए, आणि छोड़िए म्हणताच तू दोनदा ओढलंस.

भागीरथा, हवा गेली. मी सोडली नाही, ती गेली. पोटापासून सगळी गेली, आणि मागून भरून घ्यायची घाई झाली नाही. छाती रिकामी होती आणि मी थांबलो होतो. मशीन ठोकत होतं. मला पाण्यातून वर येताना दिसतो तसा उजेड दिसेल असं वाटत होतं. तसं काही दिसलं नाही, छतच होतं. पण तू वर आहेस हे कळत होतं. मग साँस लीजिए आलं आणि मी श्वास घेतला. रंजीता ओरडली, "हाओ काका, असंच! हालू नोका आता!" त्यानंतर प्रत्येक वेळी दोन हिसके, आणि प्रत्येक वेळी हवा गेली. एकदा तू उशीर केलास तर मी थांबून राहिलो. तुझा हात दुखला असेल. मी त्या दिवशी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर रंजीताने तुला विचारलं, "काकू, काय जादू केली जी?" आणि तू म्हणालीस, "काई नाई. वर बलावलं त्याईले." मी झग्याच्या नाड्या सोडत होतो. त्या माझ्या हाताने सुटेनात, शेवटी दसरूने सोडल्या.

आणखी एक. निघायच्या आधी तू दसरूकडून रुमाल घेतलास, भिंतीकडे तोंड केलंस आणि गळ्यातलं परत घातलंस. मी पाहिलं. तुला वाटलं असेल, मी डॉक्टरच्या खोलीकडे पाहतो आहे.

बसस्टँडवर मी घरी चल म्हटलं. तू म्हणालीस, "अन् पुढच्या वर्सी धान निसवलं, का तुमी पान्यात. मले माहीत हाय. सरका, बस निंगून जाईन." मी सरकलो. बस वळेपर्यंत उभा होतो. तू खिडकीकडे बसली नव्हतीस. नंतर आमच्या बसमध्ये दसरू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला आणि मूलचा स्टँड येईपर्यंत घोरला. घरी आलो, गाईला कडबा टाकला, स्वेटर काढून काळ्या पेटीत ठेवलं, आणि पुन्हा बाहेर काढलं. तू दिवसभर त्याची बाही धरून चालली होतीस.

आता रिपोर्ट. पिशवी मऊ आहे. थोडी जाड झाली आहे, पण कडक नाही, हृदय मोकळं हलतं आहे. पाणी मागच्या बाजूला साचलं होतं, ते फोटोत स्वच्छ दिसलं. कुठून सुई घालायची हे डॉक्टरला कळलं, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी ते काढलं. नागपूर नाही. ऑपरेशन नाही. गोळ्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घ्यायच्या, आणि घेतो. दसरू रोज विचारतो, त्यामुळे चुकवता येत नाहीत. पायांची सूज उतरली आहे. परवा पाळीवर न थांबता चढलो. वर कोणी नव्हतं, म्हणून कोणाला सांगता आलं नाही. तुला सांगतो.

डॉक्टरांना मी विचारलं, पाण्यात पुन्हा कधी उतरू शकेन? ते म्हणाले, कोर्स पूर्ण होऊ द्या, तपासू, सगळं बरं असेल तर हळूहळू हरकत नाही. हे तुला मुद्दाम सांगतो आहे. डॉक्टरांनी मला मनाई केलेली नाही. पुढच्या वर्षी धान निसवेल तेव्हा मी तुडुमात उतरू शकेन. पवन अजून कच्चा आहे, सगळे माझ्याकडेच पाहतील. आणि मला पाणी आवडतं, ते आवडणं गोळ्यांनी जात नाही.

या पत्रासोबत पिशवी आहे. चंद्रपूर-मोहर्ली बसच्या कंडक्टरकडे द्यायला दसरूला सांगितलं आहे. पिशवीत आपला दोर आहे, तू आणि मी परसात वळलेला. धुऊन, वाळवून, नीट गुंडाळून ठेवला आहे. गावात दुसरे दोर पुष्कळ आहेत, पण दुसऱ्याच्या दोरावर मी कधी उतरलो नाही, हे तुला ठाऊक आहे. दसरूनेही हाच धरला होता. तो आता तुझ्याकडे राहू दे. कपडे वाळत घाल, नाहीतर भूपेशच्या जिप्सीला बांध. मागायला येणार नाही.

अंबाडी कापून भिजत घातली आहे. सोलून ठेवीन. वळायची घाई नाही.

रात्री आडवा झोपतो. आता मला एकच उशी लागते. दुसरी झाडून, उन्हात ठेवून, तुझ्या जागेवर ठेवली आहे.

घनश्याम